तूप वाढवू की बंद करू? नवऱ्याचे रिपोर्ट आणि घरातलं महाभारत

अबोली७
मंडळी, थोडं लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. नवऱ्याचं वय ४४, अंगाने बारीक पण पोट सुटलंय, ऑफिसच्या चेकअपमध्ये टोटल कोलेस्टेरॉल २३५, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४८, एचडीएल (चांगलं) ३४, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २६५ आलंय. बीपी दोन्ही वेळा १४४/९२ च्या आसपास. शुगर अगदी काठावर. सासऱ्यांची ५२ व्या वर्षी अँजिओप्लास्टी झालेली, त्यामुळे डॉक्टरांनी रोझुव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) लिहून दिलीये आणि हा म्हणतोय एकदा गोळी सुरू झाली की जन्माची मागे लागते, आधी तीन महिने खाण्यात बदल करून बघू.

आता खाण्यात बदल म्हणजे नक्की काय यावरून रोज वाजतंय. सासूबाई सोलापूरच्या, त्यांचं म्हणणं रिफाइंडने वाट लावली, घाण्याचं तेल आणा आणि तूप वाढवा. नणंद म्हणते तूप एकदम बंद आणि ऑलिव्ह ऑइल. नवऱ्याला कोणी मित्राने कीटोचे (पोळी-भात जवळपास बंद, फॅट भरपूर) व्हिडिओ पाठवलेत, तो अंडी आणि पनीरच्या मागे लागलाय. स्वयंपाक मी करते, म्हणजे शेवटी ऐकायचं सगळ्यांचं आणि शिव्या पण माझ्याच वाट्याला.

रोजचं खाणं असं: सकाळी चहा-खारी, मग पोहे-उपमा-शिरा यातलं काहीतरी, डब्यात पोळीभाजी, संध्याकाळी ऑफिसखाली वडापाव नाहीतर चहा-बिस्किट, रात्री पोळी, भाजी, आमटी-भात, सोबत पापड-लोणचं लागतंच. झोपताना सायीसकट दूध. रविवारी मटण किंवा मिसळ. शनिवारी मित्रांसोबत दोन पेग. बाहेरचं तसं फार नाही. काय बदलू आणि कुठून सुरुवात करू?

निवांत_काका
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. बिनमिठाचे.

दहीबुत्ती
"बाहेरचं तसं फार नाही" आणि वडापाव एकाच परिच्छेदात =)) आमच्याकडे पण असंच, घराच्या कोपऱ्यावरची गाडी बाहेरच्यात धरत नाहीत.

मीठभाकर
मी आहारतज्ज्ञ आहे, पण इथे बसून कोणाला डाएट चार्ट देत नाही. कुठलं तेल हा प्रश्न जरा बाजूला ठेवा, आधी महिन्याच्या किराण्याचं सांगा. माणसं किती, तेल किती, साखर किती, मीठ किती आणि दूध कुठलं? ताटात काय वाढलं हे लोक विसरतात, वाण्याची यादी मात्र खोटं बोलत नाही.

अबोली७
आम्ही चौघं, मी, नवरा, सासूबाई आणि मुलगी (१३). तेलाचा ५ लिटरचा कॅन महिन्याला संपतो. साखर ४ किलो. मीठ १ किलोचा पुडा. म्हशीचं दूध रोज दीड लिटर, साय काढून तूप घरीच करते, विकतचं आणत नाही.

मीठभाकर
चला, पाटी-पेन्सिल घेऊन बसू.

५ लिटर तेल म्हणजे वजनाने साधारण साडेचार किलो. भागिले चार माणसं, भागिले तीस दिवस, माणशी ३८ ग्रॅम रोज. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने (आयसीएमआरचीच) २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात २००० कॅलरीच्या आहाराला वरून वापरायचं तेल-तूप मिळून २७ ग्रॅम दिलंय, म्हणजे चहाचे सहा चमचे. त्या हिशोबाने चौघांना महिन्याला साडेतीन लिटर खूप झालं आणि त्यात तूप पण आलं बरं का. वडापावचं तेल यात धरलेलंच नाही.

साखर माणशी ३३ ग्रॅम. त्याच पुस्तकात २५ च्या खाली राहा म्हटलंय. बिस्किटातली, सणावारी विकत आणलेल्या मिठाईतली वेगळी.

मीठ १ किलो म्हणजे माणशी ८ ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते ५ च्या आत, म्हणजे एक सपाट चमचा. वर पापड, लोणचं, खारी, पाव. पाव खाताना खारट लागत नाही पण मीठ त्यात चांगलंच असतं.

आणि आता दूध. म्हशीच्या दुधात साडेसहा टक्क्यांच्या आसपास फॅट धरलं तर दीड लिटरात जवळपास ९७ ग्रॅम. साय खा, तूप करा, लोणी करा, बाहेर काहीच जात नाही, सगळं त्याच चौघांच्या पोटात. त्यातलं साठ टक्क्यांहून जास्त सॅच्युरेटेड (एलडीएल वाढवणारं फॅट), म्हणजे माणशी १५ ग्रॅम नुसतं दुधातून. ज्यांचं एलडीएल वाढलंय त्यांनी दिवसभरातलं सगळं सॅच्युरेटेड मिळून साधारण १३ ग्रॅमच्या आत ठेवावं असं अमेरिकन हार्ट असोसिएशन सांगते (२००० कॅलरीला). तुमच्याकडे तूप वाढवायचं की बंद करायचं यावर भांडण चालू आहे आणि तो कोटा दुधातच संपलाय. नवऱ्यापुरतं टोन्ड (३ टक्के) किंवा डबल टोन्ड (दीड टक्का) करा, मग वरणभातावर चमचाभर तूप घालायला कोणी अडवत नाही.

अबोली७
हे दुधाचं कधी डोक्यातच आलं नव्हतं!! सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या "पिशवीतल्या दुधाला काय चव असते का" आणि आत निघून गेल्या.

घाणेकर_तेलवाले
(तेल विकत नाही, नुसतं नाव आहे.) पण सासूबाईंची बाजू कोणीतरी घ्यायलाच हवी. माझे आजोबा वाटीने तूप प्यायचे, ८८ वर्षं जगले. तेव्हा कुठे होता हार्ट अटॅक? रिफाइंड तेलं आली, सोबत हे सगळे आजार आले. डॉक्टर लोक कंपन्यांच्या सांगण्यावरून तुपाला बदनाम करतात.

स्टेथो_खुंटीवर
निवृत्त फिजिशियन आहे, कंपनीने मला पेनाच्या पलीकडे काही दिलेलं नाही. आजोबा ८८ जगले याचा आनंदच आहे, पण त्यांच्याच पिढीतले जे पन्नाशीत "छातीत कळ येऊन गेले" ते तुम्हाला आठवण सांगायला राहिले नाहीत आणि त्यांचा ईसीजी पण कोणी काढला नव्हता. शिवाय आजोबा दिवसाला किती चालायचे आणि साखर घरात महिन्याला किती यायची तेही बघा.

तेलाबद्दल. शेंगदाणा तेल घाण्याचं असो की रिफाइंड, त्यातली फॅटी अ‍ॅसिडं तीच राहतात. घाण्याच्या तेलाला वास आहे, चव आहे, थोडी जीवनसत्त्वं जास्त उरतात, परवडत असेल तर जरूर वापरा, पण "घाण्याचं आहे" म्हणून हात सैल सोडला तर उपयोग शून्य. करडई, सूर्यफूल, शेंगदाणा, मोहरी, राइस ब्रॅन, तीळ यातलं कुठलंही चालेल, आलटून पालटून वापरा. ऑलिव्हवर पैसे घालवायची गरज नाही. कॅनवर "कोलेस्टेरॉल फ्री" लिहिलेलं असतं ते वाचून हरखू नका, वनस्पतीच्या कुठल्याच तेलात मोजण्याइतकं कोलेस्टेरॉल नसतं, सरकी असो नाहीतर पाम.

खरा खलनायक होता डालडा, म्हणजे वनस्पती तूप. द्रव तेलात हायड्रोजन सोडून घट्ट करताना ट्रान्स फॅट तयार होतं आणि ते एलडीएल वाढवतं, वर एचडीएल पण कमी करतं, असा दुहेरी मार दुसरी कुठली चरबी देत नाही. एफएसएसएआयने (खाद्यपदार्थांची केंद्रीय नियामक संस्था) तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा ५ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ३ आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली. म्हणून आता परिस्थिती बरी आहे. पण खारीचे पापुद्रे सुटायला घट्ट चरबी लागतेच, ट्रान्स गेलं तर त्या जागी पामतेलातलं सॅच्युरेटेड आलं आणि मैदा होता तिथेच आहे. त्यामुळे खारी निर्दोष सुटली असं समजू नका. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा वापरण्याचं पण तसंच, त्यासाठी २०१८ पासून नियम आहे की टोटल पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारी खराब द्रव्यं) २५ टक्क्यांवर गेली की ते तेल टाकून द्यायचं. संध्याकाळच्या गाडीवर ते मोजणारं यंत्र कोणी पाहिलं असेल तर कळवा.

खवय्या_नागपूर
डॉक्टरसाहेब, आमच्या नागपूरच्या एम्सचं नाव २०२५ मध्ये त्या समोसा-जिलेबीच्या बोर्डवरून देशभर गाजलं होतं ना, नंतर केंद्राने खुलासा केला की समोशावर इशारा वगैरे काही नाही, ऑफिसा-कॅन्टीनमध्ये कशात किती तेल-साखर हे सांगणारे फलक लावा एवढंच म्हटलंय. आमच्या ग्रुपवर तेव्हा आठवडाभर तर्रीपोह्याच्या बाजूने आंदोलन चाललं होतं.

अवांतर झालं. मुद्द्याचं सांगतो, जवसाची चटणी. आमच्याकडे विदर्भात ती घरोघरी असते आणि आता शहरातले लोक त्याच जवसाला फ्लॅक्स सीड म्हणून डबीतून महाग विकत घेतात. जवस भाजायचे, सुकी मिरची, लसूण, जिरं, बस. शाकाहारी माणसाला ओमेगा-३ (हृदयाला चांगलं फॅट) मिळायचा सगळ्यात स्वस्त मार्ग. अख्खे खाऊ नका, तसेच बाहेर पडतात, दळूनच खायचे.

तिरफळ
आमच्या सावंतवाडीकडे त्यासाठी बांगडे आणि तारल्या आहेत, देवाने दिलेलं ओमेगा-३. पण लोक काय करतात, सुरमई-पापलेटला पैसे मोजतात आणि बांगडा म्हणजे गरिबाचं खाणं समजतात. आठवड्यातून दोनदा बांगड्याचं तिखलं करा, तिरफळ घालून, तेल जवळजवळ लागतच नाही. रवा लावून तेलात डुंबवला की संपलंच सगळं. खारवलेला बांगडा बीपीवाल्यांनी वर्षातून एकदा पावसात, तेवढाच.

आणि हो डॉक्टर, खोबऱ्याचं काय? आम्ही त्यावरच वाढलोय.

स्टेथो_खुंटीवर
खोबरेल तेलात ऐंशी-नव्वद टक्के सॅच्युरेटेड असतं, तुपापेक्षाही जास्त, आणि त्याने एलडीएल वाढतं हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलंय. चमच्याने प्यायचा जो सल्ला फिरतो तो सोडून द्या. ओलं खोबरं भाजीवर भुरभुरवलं तर त्यात चोथाही असतो, तेवढ्याने काही होत नाही. वाटपात अख्खा नारळ दोन माणसांना असेल तर मात्र होतं.

कीटो_करके_देखो
सगळे फॅटच्याच मागे. ट्रायग्लिसराइड २६५ कशाने झालं? पोळी, भात, साखर, बिस्किट! माझं स्वतःचं कीटोवर वजन उतरलं, ट्रायग्लिसराइड निम्म्यावर आलं. अंडी, पनीर, तूप बिनधास्त खातो.

स्टेथो_खुंटीवर
अर्धं बरोबर बोललात, त्याबद्दल धन्यवाद, कारण हा मुद्दा राहिलाच होता. आपल्याकडच्या रिपोर्टात हेच चित्र जास्त दिसतं, ट्रायग्लिसराइड वर आणि एचडीएल खाली, आणि ते तुपापेक्षा साखर, मैदा, ढीगभर भात-पोळी, दारू आणि पोटाचा घेर याने होतं. अबोलीताई, शनिवारचे दोन पेग यात आले, "थोडी घेतली तर हार्टला चांगली" हे आता कोणी गंभीरपणे म्हणत नाही, ट्रायग्लिसराइड आणि बीपी दोन्ही त्याने चढतं.

पण तुमचं एलडीएल किती आहे कीटोवाले? ते लिहिलं नाहीत. काही लोकांचं कीटोवर एलडीएल प्रचंड वाढतं आणि त्यांना पत्ताच नसतो कारण वजन उतरल्याच्या आनंदात तपासणी राहून जाते. अंड्याची तेवढी भीती नको, एका पिवळ्या बलकात दोनशे मिलिग्रॅमच्या आत कोलेस्टेरॉल असतं आणि रक्तातल्या कोलेस्टेरॉलवर त्याचा परिणाम सॅच्युरेटेड फॅटपेक्षा कमी. रोज एक अंडं बहुतेकांना चालतं, मधुमेह असेल तर विचारून घ्या.

बारीक माणसाचं पोट हा प्रकार तर पुण्यातच नीट मांडला गेला. केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये आला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. म्हणून वजनकाट्यावर जाऊ नका, टेप घ्या, आपल्याकडच्या पुरुषांनी कंबर ९० सेंटीमीटरच्या आत ठेवायची, बायकांनी ८०. त्याच वर्षी इंटरहार्ट हा ५२ देशांतला अभ्यास आला, त्यातल्या दक्षिण आशियातल्या लोकांचं वेगळं विश्लेषण २००७ मध्ये झालं. पहिल्या अटॅकचं मधलं वय आपल्याकडे ५३, बाकीच्या देशांत जवळपास ५९. सासऱ्यांचं ५२ हे त्यामुळे मला अपवाद वाटत नाही.

कीटो_करके_देखो
एलडीएल केलं नाही अजून. करतो.

निवांत_काका
या धाग्यावर कोणीतरी "करतो" म्हणालं, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

आजोळ
उपासाचं कोणी बोललंच नाही. आमच्या आईचे सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी सगळं असतं आणि ती म्हणते मी तर अर्धा महिना उपाशी. एकादशी दुप्पट खाशी! साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, त्यात बटाटा, त्यावर तूप, सोबत तळलेले वेफर्स आणि गोड दही. दाण्याचा कूट तेवढा कामाचा. भगर आणि राजगिऱ्याची भाकरी, काकडीची कोशिंबीर, फळं यावर उपास होतो की. आता हे तिला सांगायचं कोणी?

मीठभाकर
मुलीने सांगू नये, डॉक्टरांकडून वदवून घ्यावं, माझा अनुभव.

अबोली, पोळी-भात एकदम तोडू नका, चार दिवसांत नवरा कॅन्टीनमध्ये जाऊन बसेल. रात्रीच्या तीन पोळ्यांची दीड भाकरी करा (ज्वारी, बाजरी, जे आवडेल ते), भात वाटीभर, आणि उसळ-आमटी दाट करून दुप्पट वाढा. मटकी, मसूर, चवळी, हुलगे. त्यातला विरघळणारा चोथा एलडीएल थोडा खाली आणतो, ओट्सचं जे कौतुक चालतं ते त्याच कारणासाठी, पण ओट्सच हवेत असं नाही. पोहे चालतील, दाणे आणि मटार जास्त, पोहे कमी, वरची शेव नको. संध्याकाळच्या वडापावच्या वेळेला डब्यात फुटाणे-शेंगदाणे (खारे नाही). सासूबाईंची शेंगाचटणी तर उत्तमच, फक्त मीठ अर्धं करा.

अबोली७
मिठाचं कसं करायचं तेच कळत नाही. सैंधव आणलंय, ते चालेल ना? आणि कमी सोडियमचं मीठ मिळतं ते?

स्टेथो_खुंटीवर
सैंधव म्हणजे पण सोडियम क्लोराइडच, गुलाबी रंगाने बीपी उतरत नाही. उलट त्यात आयोडीन नसतं.

कमी सोडियमच्या मिठात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतो. चीनमधल्या ६०० खेड्यांतल्या जवळपास २१ हजार लोकांवर त्याचा मोठा प्रयोग झाला, २०२१ मध्ये निकाल आले, अर्धांगवायूचे झटके १४ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे चीज उपयोगाची आहे. पण ज्यांची किडनी कमजोर आहे किंवा ज्यांना बीपीसाठी टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन असल्या गोळ्या चालू आहेत त्यांच्या रक्तात पोटॅशियम धोकादायक चढू शकतं. घरात एकच मीठ सगळे खातात, तेव्हा सासूबाईंच्या गोळ्या आधी बघा आणि डॉक्टरांना विचारूनच आणा.

अबोली७
सासूबाईंना टेल्मिसार्टन चालू आहे! बरं झालं विचारलं.

मीठभाकर
मग साधंच मीठ, कमी. ताटात वाढायचं मीठ बंद, कणकेत घालायचं बंद (भाकरीत तर लागतच नाही), पापड-लोणचं रोजचं नाही. लिंबू, आमसूल, चिंच असलं आंबट वाढवलं की मीठ कमी असलेलं जिभेला तितकं कळत नाही. पहिले काही आठवडे सगळे बोंबलतील, मग जीभ जुळवून घेते. पुड्यावर सोडियमचा आकडा असतो त्याला अडीचने गुणा, मीठ किती ते कळतं. समजा १०० ग्रॅम शेवेत ८०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे २ ग्रॅम मीठ, आणि १०० ग्रॅम शेव मॅच बघताना कुठे जाते कळत पण नाही.

दूरदेशी
न्यू जर्सीहून. इथे देशी दुकानात खारी, फ्रोझन पराठे, फरसाण सगळं मिळतं आणि इथले आपले लोक गाडीतून उतरतच नाहीत, त्यामुळे तिथल्यापेक्षा बरं चित्र आहे असं समजू नका. इथे आपल्याच लोकांचा "मसाला" नावाचा अभ्यास २०१० पासून चालू आहे, शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, नाव मुद्दाम तसं जुळवलेलं असणार.

मला एक सांगायचंय, माझ्या डॉक्टरने लिपोप्रोटीन-ए (रक्तातला एलडीएलसारखाच एक कण) म्हणून एक टेस्ट करून घेतली, एकदाच करायची असते. ती जास्त आली. ती आनुवंशिक आहे, खाण्याने हलत नाही. मी शुद्ध शाकाहारी, रोज चालणारी, तरी. त्यामुळे "नीट खाल्लं की झालं" याच्यावर माझा आता विश्वास नाही.

स्टेथो_खुंटीवर
+१. गोळीचा विषय यावरच काढणार होतो. खाणं मनापासून बदललं तर एलडीएल साधारण दहा-पंधरा टक्के उतरतं, कोणाचं थोडं जास्त. रोझुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅमने पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास. ट्रायग्लिसराइड मात्र खाण्याने, पेग बंद केल्याने आणि चालण्याने झपाट्याने खाली येतं, तिथे गोळीपेक्षा ताट जास्त काम करतं. म्हणजे दोघांची कामं वेगळी आहेत. वडिलांची ५२ व्या वर्षी अँजिओप्लास्टी, बीपी चढलेलं, एचडीएल ३४, शुगर काठावर, अशा माणसाने स्वतःच्या मनाने तीन महिने थांबायचं ठरवू नये, जाऊन डॉक्टरांशी भांडावं पाहिजे तर, पण समोर बसून. लिपोप्रोटीन-ए पण विचारा. आणि चालताना छातीत दडपलं, हाताला-जबड्याला कळ गेली, दरदरून घाम आला तर अ‍ॅसिडिटी समजून सोडा पीत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

आजोळ
डॉक्टर, जाता जाता एक. मावशीची व्हॉल्व्ह बदललीये, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे (वॉरफरिनसारखी). तिला कोणीतरी सांगितलं पालेभाजी विष आहे, तिने मेथी-पालक सगळं सोडलंय. बरोबर आहे का?

स्टेथो_खुंटीवर
सोडायची गरज नाही. पालेभाजीतलं व्हिटॅमिन के त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं, म्हणून प्रमाण सारखं ठेवायचं, आज काहीच नाही आणि उद्या दोन जुड्या असं करायचं नाही. आता सोडलीच आहे तर परत सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) तपासत गोळीचा डोस बसवतील.

अबोली७
सगळ्यांना दंडवत. आजचा रिपोर्ट असा: नवऱ्याने हा धागा वाचला, सोमवारची डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतलीये, पेगवर म्हणाला "बघू". खारीवर तडजोड रविवारपुरती. तेलाचा कॅन आणला पण त्यावर मार्करने तारखा टाकल्यात. दुधावर सासूबाई अजून बोलत नाहीयेत, मात्र कडक भाकरी आणि शेंगाचटणीला तुम्ही उत्तम म्हणालात हे त्यांनी शेजारी दोन घरी सांगून झालंय. मुलगी म्हणते माझा चीज पास्ता या भानगडीत आणू नका.

तिरफळ, हुलग्याचं आमच्याकडे कढणच करतात आणि याला ते आवडत नाही. तुमच्याकडे दुसरं काय करतात?

तिरफळ
पिठी करा. कुळीथ (तुमचे हुलगे) खमंग भाजून भरडून दळून आणायचे. एक चमचा तेलात ठेचलेली लसूण लाल होऊ द्यायची, हिरवी मिरची, मग पाणी, त्यात तीन-चार आमसुलं. पाण्याला उकळी आली की वाटीभर पाण्यात कालवलेलं तीन चमचे पीठ हळूहळू ओतत हलवत राहायचं, नाहीतर गुठळ्या होतात. मीठ शेवटी, आमसुलं टाकल्यामुळे नेहमीच्या निम्म्यात भागतं. वरून कोथिंबीर, ओलं खोबरं चिमूटभर (डॉक्टर बघतायत). भातावर किंवा ज्वारीच्या भाकरीबरोबर गरमच खायची, गार झाली की घट्ट होते, मग थोडं गरम पाणी घालून परत सारखी करा.